सर्वांत मोठ्या जमीनदाराचं शेतघर

ज्या माणसाच्या नावावरून हैदराबादच्या आबिड्स भागाला नाव मिळालं, तो अल्बर्ट आबिड सहाव्या निजामाच्या पोशाखाची व्यवस्था पाहायचा. महबूब अली खान एकदा घातलेला कपडा पुन्हा अंगाला लावत नसत, असं म्हणतात. उतरवलेल्या कपड्यांचं पुढे काय होई, ते आबिडसाहेबांच्या दुकानालाच ठाऊक. काही माल तर फिरून पुन्हा निजामालाच विकला गेला, हा किस्सा हैदराबादेत अजून चवीने सांगतात. खोटा असेल तरी त्या दोघांना शोभतो. याच दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर महबूब अलींचे चिरंजीव, सातवे निजाम उस्मान अली खान, एकच टोपी वर्षानुवर्षं डोक्यावर ठेवून जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून नांदले. त्यांच्या घराचं नाव किंग कोठी.

कागदोपत्री तो राजवाडा. मला मात्र ते शेतघर वाटतं. हसू नका. हैदराबादची तटबंदी मुसी नदीच्या दक्षिणेला. उत्तरेचा हा सगळा भाग एके काळी गावाबाहेरचा. जामबाग, बशीरबाग ही इथल्या वस्त्यांची नावं पाहा. आता तिथे झाडापेक्षा पाट्या जास्त आहेत, पण नावातली बाग कुणी तोडलेली नाही. किंग कोठीतल्या राहत्या भागाचं नावही नजरी बाग. आणि मालक म्हणाल तर केवढा शेतीवाला! संस्थान तर होतंच, शिवाय सर्फ-ए-खास म्हणून खुद्द निजामाची खासगी जमीन वेगळी, आणि तिचा सारा थेट त्यांच्या खासगी तिजोरीत. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या धाराशिवकडची, बरीच गावं त्यात होती. जिल्ह्याला नावही मालकाचंच. धाराशिवच्या शिवारात ज्वारी पिकायची आणि तिचा हिशेब आबिड्सच्या मागल्या अंगाला लागायचा. शेतघर म्हणतात ते आणखी कशाला?

ही कोठी निजामांनी बांधलेली नाही. बांधली कमाल खान नावाच्या सरदाराने. दारं-खिडक्यांवर, नक्षीत, जाळीत, जिथे जागा सापडेल तिथे त्याने स्वतःच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं कोरून घेतली : के के. मग कोठी निजामाच्या नजरेत भरली. निजामाला घर आवडलं की मालकाला ते विकावंसं वाटू लागे, अशी त्या काळची हवाच होती. आता राजाने दुसऱ्याच्या नावाच्या दारातून जायचं कसं? सुतार बोलवावेत, तर खर्च. त्यावर तोड निघाली ती अशी की अक्षरं तशीच ठेवायची आणि घराचं नाव बदलायचं. किंग कोठी! सुतारकाम वाचवण्यासाठी काढलेलं हे जगातलं एकमेव शाही फर्मान असावं.

घर आतबाहेर तपशिलाने भरलेलं आहे. अर्धगोल युरोपीय कमानी, खिडक्यांवर छत्र्या, बारीक लाकूडकाम आणि वर अष्टकोनी पिरॅमिडसारखी उतरती कौलारू छपरं. वयाच्या तेराव्या वर्षी उस्मान अली इथे राहायला आले. १९११ साली गादीवर बसल्यावर निजामांच्या जुन्या राजवाड्यात, चौमहल्ल्यात, जायला हवं होतं, गेले नाहीत. ज्या दाराला परदा गेट म्हणतात, तिथे सतत पडदा असे. हुजूर बाहेर पडले की तो वर चढवायचा. म्हणजे पडदा खाली असला की मालक घरी आहेत. एवढी साधी सूचना देणारा राजवाडा मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही हे जमत नाही. आत जेकब हिरा पेपरवेट म्हणून वापरात होता, आणि बागेत सोन्याने लादलेल्या लॉऱ्या टायर जमिनीत रुतून पडल्या होत्या, असं सांगतात. शेतघराच्या आवारात गाडी रुतणं यात नवल नाही, फक्त गाडीत सहसा शेणखत असतं.

संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये सर्फ-ए-खासची जमीन सरकारकडे गेली. तनख्याच्या पन्नास लाखांखेरीज राजवाड्यांच्या देखभालीसाठी वर्षाला आणखी पंचवीस लाख ठरले. त्यातले कौलांवर किती गेले असतील, याचा अंदाज त्या टोपीवरून बांधावा. पण एक गोष्ट या कंजूष माणसाच्या पदरात घालायलाच हवी. त्याने डागडुजी केली नसेल, पण पाडलंही काही नाही. २४ फेब्रुवारी १९६७ ला त्याने इथेच डोळे मिटले, आणि १९८० नंतर लगेचच आवारातली उस्मान मॅन्शन सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीसाठी जमीनदोस्त झाली. जुन्या वास्तूंना संरक्षण देणारा तेरावा नियम शहराला मिळाला तो १९९५ साली! २०१५ मध्ये सरकारने तो नियमच काढून टाकला. पुढे २०१९ मध्ये शहरातलाच इर्रम मंझिल राजवाडा पाडून विधानभवन बांधायचा बेत उच्च न्यायालयाने रोखला, तेव्हा कुठे जुन्या वास्तूंच्या जिवात जीव आला. मालक स्वस्थ बसला की वास्तू टिकते, हाच अनुभव मराठवाड्यातल्या वाड्यांचाही आहे. भावाभावांचं पटत नाही तोवर वाडा उभा असतो. समेट झाला की बिल्डर येतो.

जुन्या कोठीच्या एका भागात आज सरकारी दवाखाना चालतो. वारसाप्रेमी मंडळी यावर नाक मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्या घरात माणसं येतात-जातात, त्याचं छप्पर निदान गळतं आहे हे कुणाच्या तरी लक्षात येतं. नजरी बागेचं तसं नाही. ती भिंतींमागे आहे आणि तिची चर्चा होते ती मुख्यतः खरेदी-विक्रीच्या वादांमुळे.

रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला याल, तेव्हा तासभर हाताशी ठेवा आणि कोठी बाहेरून का होईना, बघून घ्या. रिक्षावाल्याला मात्र ‘किंग कोठी दवाखाना’ असंच सांगा. ‘निजामाचा राजवाडा’ म्हणालात, तर तो तुम्हाला चौमहल्ल्याला नेऊन सोडेल आणि दुप्पट भाडं घेईल.