बुद्धिबळाच्या ज्येष्ठ गटात न हरता घरी कसे परतावे

ओपनिंग नंतर, सबब आधी तयार करावी. विठ्ठलवाडीकरांना हे सोपे जाते. बदलापूरहून गच्च भरून आलेल्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभ्याने गेलात की पाठदुखीची सबब डब्यातच तयार होते. हरलो तर पाठीमुळे. जिंकलो तर पाठ दुखत असूनही.

वयाचाही उपयोग करावा. ज्येष्ठांचे जागतिक अजिंक्यपद १९९१ साली सुरू झाले तेव्हा पुरुषांना साठीची अट होती. २०१४ पासून पन्नास आणि पासष्ट असे दोन गट झाले. त्यामुळे समोर बावन्न वर्षांचा गडी आला, तर ‘तरुण पोरांपुढे आमचा काय निभाव?’ असे पंचांना ऐकू जाईल इतपत पुटपुटावे.

रेटिंग विचारल्यास सध्याचेच सांगावे. १ मार्च २०२४ रोजी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने हिशेब बदलला आणि १३०० वाल्यांचे एका रात्रीत १५८० झाले. या प्रगतीचे श्रेय पहाटेच्या अभ्यासाला द्यावे.

आता पटाकडे. मोहऱ्याला हात लागला की तोच खेळावा लागतो, म्हणून हात घोड्यावर बराच वेळ अधांतरी ठेवावा आणि मग मागे घेऊन चष्मा पुसावा. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर ‘ॲडजस्ट’ आधी म्हणायचे असते. घोडा फुकट जातोय हे कळल्यावर आठवलेले ‘ॲडजस्ट’ पंच धरत नाहीत, तुम्ही त्यांच्या वडिलांचे मित्र असलात तरी. चाल ज्या हाताने केली त्याच हाताने घड्याळ दाबावे. खांदा आखडलेला असल्यास तोच आखडलेला हात वापरावा.

ड्रॉ विचारायचा तो चाल करून, घड्याळ दाबण्याआधी. त्यात कमीपणा नाही. १९५५ सालचे पहिले राष्ट्रीय विजेतेपदही रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागूनच घेतले होते. समोरच्याला ऐकू आले नाही तर पुन्हापुन्हा विचारू नये. तो नियमाने त्रास ठरतो, आणि बहुधा त्याला ऐकू आलेले असते.

मोबाइल बंद करून पिशवीत टाकावा. खिशात वाजला तर डाव जाऊ शकतो. ही सबब मात्र घरी जपून सांगावी, कारण फोन बहुधा तिथूनच आलेला असतो.

हरल्यावर लगेच उठू नये. मोहरे पुन्हा मांडून अठराव्या चालीला आपणच जिंकत होतो हे सिद्ध करावे. प्रतिस्पर्धी टिटवाळ्याचा निघाला तर वाद त्याच्याच लोकलमध्ये चालू ठेवावा, पण कल्याणला उतरून गाडी बदलावी. ती गाडी पुढे शहाडकडे वळते, आणि तिथपर्यंत जाऊनही तो अठरावी चाल मान्य करेलच असे नाही.