तोटा कामी कसा आणावा

शेअर बाजारात पैसे घालवायला मार्गदर्शन लागत नाही. ते काम टेलिग्रामवरच्या टिपा फुकटात करतात. मात्र त्या तोट्याने आयकर वाचवायचा, तर विधी काटेकोर पाळावा लागतो.

प्रथम तोटा खरोखर करावा. चारशेला घेतलेला शेअर नव्वदवर आला, एवढ्याने भागत नाही. ‘विकला नाही, म्हणजे तोटा झालाच नाही’ असे आपण घरी जे सांगतो, ते आयकर खात्याला तंतोतंत मान्य आहे. तेव्हा 31 मार्चपर्यंत विकून टाकावा. फारच जीव जडला असेल तर दुसऱ्या दिवशी परत घ्यावा. त्याच दिवशी घेतला तर तो इंट्राडे होऊन बसतो.

मग तोट्याचे गोत्र पाहावे. बाजारात नोंदलेला शेअर बारा महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर तोटा दीर्घ मुदतीचा, नाहीतर अल्प मुदतीचा. अल्प मुदतीचा तोटा मोकळ्या स्वभावाचा. दोन्ही मुदतींच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. दीर्घ मुदतीचा सोवळा. दीर्घ मुदतीच्या नफ्याखेरीज कोणाला शिवत नाही. पगाराशी तर दोघांचेही जमत नाही. पगारदारांनी हे वाक्य दोनदा वाचावे, कारण ऑफिसात कोणीतरी उलट सांगणारा असतोच.

अतिउत्साह टाळावा. शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले पहिले सव्वा लाख करमुक्त, पण तोटा त्याआधीच वजा होतो. लाखभर नफ्यावर मुळात कर नव्हताच. तिथे मार्च अखेरीस धावपळ करून दीर्घ मुदतीचा लाखभर तोटा करणाऱ्याने कर शून्याचा शून्यावर आणला. अशा कर्तबगारीला आपल्याकडे टॅक्स प्लॅनिंग म्हणतात.

इंट्राडेचा तोटा हा सट्टा. तो फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षेच पुढे नेता येतो. उलट पाच मिनिटांत निफ्टीच्या ऑप्शनमध्ये बुडणारा गृहस्थ कायद्याच्या लेखी चक्क व्यावसायिक! त्याचा तोटा त्याच वर्षीच्या भाड्यातून, व्याजातूनही वजा होतो. पगारातून तोही नाही. क्रिप्टोवाल्यांनी हा विधी करूच नये. नफ्यावर 30 टक्के कर, आणि तोटा कशातूनच वजा होत नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही नाही. पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

शिल्लक राहिलेला भांडवली तोटा आठ वर्षे सांभाळता येतो. त्यासाठी ‘सहज’ हा अर्ज चालत नाही. आयटीआर-2 भरावा, ऑप्शनवाल्या व्यावसायिकांनी आयटीआर-3. आणि मुदतीत भरावा. उशिरा भरलेल्या विवरणपत्रातला भांडवली तोटा पुढे नेता येत नाही, मग तो कितीही खरा असो.