लाखांदूरचं यीस्ट

सूक्ष्मदर्शकाला एका वेळी एकानंच डोळा लावायचा, आणि माझ्या वर्गात डोळे भरपूर. प्रत्येकानं वाकून "दिसलं सर" म्हणायचं, मी "शाब्बास" म्हणायचं आणि वहीत सगळ्यांनी स्वतःच्या पापणीचे केस काढायचे, अशी आमची लाखांदूरची सूक्ष्मजीवशास्त्राची परंपरा. म्हणून मी ठरवलं, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बसवायचा, प्रोजेक्टर जोडायचा आणि यीस्ट पडद्यावर आणून चक्क फूटपट्टीनं मोजायचं. अठराव्या शतकात युरोपात सूर्याच्या उजेडावर असले खेळ दाखवत. माझ्या हाताशी तर वीज होती. म्हणजे अधूनमधून.

पडदा नव्हता, घरची चादर नेली. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काच, ठेवून पाहिली: १० मायक्रोमीटरचा एक भाग चादरीवर ४ सेंटिमीटर. हिशेब फळ्यावर लिहिला. मग मागच्या बाकांना चित्र लहान दिसतंय म्हणून प्रोजेक्टर मागे ओढला, ते वर जावं म्हणून त्याच्या पुढच्या पायांखाली प्रॅक्टिकलच्या वह्या सारल्या, उकडतंय म्हणून कुणीतरी पंखा लावला, आणि वरच्या अंगाला फुगलेलं, खालच्या अंगाला रोडावलेलं यीस्ट वाऱ्यावर डुलायला लागलं. झाडीपट्टीतली पोरं ती, पडद्यावर काही हललं की शिट्टी आलीच. चादर धरून पट्टी लावली तर एक पेशी भरली ६.८ सेंटिमीटर, म्हणजे १७ मायक्रोमीटर. पुस्तकात ५ ते १०. फळ्यावरचा हिशेब प्रोजेक्टर हलण्याआधीचा, हे डोक्यात शिरायच्या आत मी धानाच्या पट्ट्यातल्या पौष्टिक हवेवर बरंच बोलून गेलो होतो. पोरांनी लिहूनही घेतलं.

शेवटी चादर काढली आणि चित्र भिंतीवरच पाडलं. कोपऱ्यात एक ठसठशीत पेशी दिसली, बाजूला तिचा इवलासा अंकुर. "हे बघा मुकुलन!" म्हणत मी रंगात येऊन तिच्यावर छडी टेकवली, आणि लाइन गेली. कुणीतरी खिडकी उघडली. मागून आवाज आला, "सर, लाइन गेली, पन यीस्ट तं इथंच आहे जी."

चुन्याचा पोपडा होता.

तुम्हाला हा उद्योग करायचाच असेल तर प्रोजेक्टर एकदा जागेवर बसला की त्याला कुणाला हात लावू देऊ नका, मला तर मुळीच नाही. हललाच, तर मायक्रोमीटर पुन्हा ठेवून हिशेब नव्यानं मांडा. ठिपक्याचा संशय आला तर स्लाइड सरकवून बघा. तो सोबत सरकला नाही, तर कॅमेऱ्यावरची धूळ नाहीतर भिंतीचा चुना. आणि चादर न्यायची झाली तर घरात विचारून न्या.