जो खोलतलो तेचो इचार

गॅरेजच्या फळीवर श्रीखंडाचा डबा दिसला तर त्यात श्रीखंड नसणार, एवढं आपल्याला कळतं. आत काय आहे ते मात्र मेस्त्रीच जाणे. खारेपाटणला हायवेलगत आमच्या नेहमीच्या गॅरेजात असे बरेच डबे आहेत. एकात पिवळं ग्रीस, एकात काळं, एकात जळकं ऑईल. शेवटी एक चपटी डबी आहे, तिच्यात तांबूस चमकणारी पेस्ट. तिला हात लावायची परवानगी पोऱ्याला नाही.

आपली समजूत अशी की वंगण म्हणजे वंगण. बोटाला बुळबुळीत लागलं की काम झालं. शिवणयंत्राचं तेल घरात आलं की ते पंख्याला जातं, कुलपाला जातं, सायकलच्या चेनलाही जातं. ते संपलं की खोबरेल आहेच. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे माघातल्या सकाळी बिजागरी आदल्या दिवसापेक्षा जास्त करकरते, आणि आपण दाराला दोष देतो. एरंडेलाचं तसं नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावणारे आपले आजे अडाणी नव्हते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गरगर फिरणारी इंजिनंसुद्धा एरंडेलावरच चालत. त्याची वाफ नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटं साफ होत, असं म्हणतात. कॅस्ट्रॉल हे नावही त्याच एरंडेलावरून आलेलं.

पण आजे कोरड्या माळावर गाडी हाकत असतील तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे लोखंडाला दोन बाजूंनी मार. विजयदुर्गाची खाडी आत आत येत खारेपाटणपर्यंत पोचते, आणि वरून पाऊस पडतो तो सिंधुदुर्गाच्या हिशेबाने, म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. शुक नदी फुगली की पाणी बाजारपेठेत शिरतं. दुकानदार माल माळ्यावर चढवतात, स्कुटर मात्र कुठे चढवणार? पाणी उतरल्यावर ती धुऊन पुसून उन्हात ठेवली की मालकाला वाटतं, भागलं. नटाच्या आत शिरलेला चिखल बाहेर कोण काढतो? लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगला की दोघं एकमेकांना सोडत नाहीत. मग चौदाचा पाना लावा नाहीतर पान्यावर पाईप घाला, नट हलत नाही. हलला तर तो नट नसून बोल्टाचं डोकं असतं, आणि ते मेस्त्रीच्या हातात आलेलं असतं.

अशा वेळी आमचे मेस्त्री घाई करत नाहीत. तारेच्या ब्रशने गंज खरवडतात, रॉकेलमिश्रित ऑईल सोडतात, हातोडीने चार हलके ठोके देतात आणि गिऱ्हाईकाला सांगतात, "वाईच दम धर. चाय पिवन ये, मगे बघूया." गिऱ्हाईकाला हा आळस वाटतो. पण पातळ तेल आट्यांच्या फटीतून स्वतःच ओढलं जातं, त्याला वेळ हवा असतो. ठोके कशाला, तर गंजाला तडे जावेत आणि तेलाला वाट मिळावी म्हणून. चहानेही भागलं नाही तर गॅसची ज्योत.

आता गावोगावी त्या निळ्या-पिवळ्या फवाऱ्याचा डबाही आलाय, डब्ल्यूडी-40. 1953 साली अमेरिकेत सॅन दिएगोला, पाणी हटवण्याचं मिश्रण जमवताना चाळिसावा प्रयोग यशस्वी झाला, त्या आकड्याचं हे नाव. पुढे अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरलं गेलं. म्हणजे मूळ धंदा पाणी हटवण्याचा, आणि खारेपाटणला त्याचं कायमचं भलं आहे. पण लोक तो फवारा चेनवर मारून निश्चिंत होतात. जुनं घट्ट वंगण त्याने धुऊन जातं, मागे राहतो तो पातळ थर पहिल्या पावसात संपतो. सोडवायचं औषध वेगळं आणि चालवायचं वेगळं.

आणि जोडायचं तिसरंच. त्या चपट्या डबीतली पेस्ट ती. ग्रीसमध्ये तांब्याची बारीक पूड असते. सायलेन्सरच्या नटांपाशी साधं लिथियम ग्रीस टिकत नाही. एकशेऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास ते वितळून गळतं. तांब्याच्या पेस्टमधलं तेलही जळून जातं, पण पूड मागे राहते आणि दोन आट्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. हजारेक अंशांपर्यंत तिला काही होत नाही.

मी एकदा विचारलं, एवढी महाग पेस्ट लावायची कशाला? फिरणारा भाग नाही, आवाज नाही, गिऱ्हाईकाला दिसतही नाही. मेस्त्री म्हणाले, "गाडी चलाक होयी म्हणान लावणत नाय. जो खोलतलो तेचो इचार करूक व्हयो." खोलणारा कदाचित पुढच्या गावातला मेस्त्री असेल, धंद्यातला प्रतिस्पर्धी. त्याचाही विचार! हा खर्च बिलात लिहायची सोय नाही.

पेस्ट चांगली म्हणून सगळीकडे थापायची नाही, हे मात्र पोऱ्याला समजवावं लागतं, म्हणून ती बंदी. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर घर्षणातच खर्च होतो, बोल्ट ताणायला उरतो दहा टक्के. आटे बुळबुळीत केले की तोच जोर बोल्टाला जास्त ताणतो आणि दणकट मनगटाचा पोऱ्या नवाकोरा बोल्ट तोडून ठेवतो. पेस्ट असेल तिथे हात आवरायचा. चाकांचे नट बहुतेक कंपन्या कोरडेच आवळायला सांगतात. डिस्क ब्रेकच्या पिनांना सिलिकॉनचं ग्रीस, कारण साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात वीज वाहते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. खाडीकाठच्या गाडीला तिथे तांबं नको, बिनधातूची पेस्ट बरी.

बाकी तांब्यावर खारेपाटणकराने शंका घेऊ नये. शिलाहार राजा रट्टराजाचा शके 930 चा, म्हणजे 1008 सालचा ताम्रपट याच गावच्या नावाने ओळखला जातो. दुसरा शके 1016 चा, अनंतदेवाचा. त्यात जहाजांना बंदरांवर जकात माफ केली आहे, हे आज टोलनाक्यावर आठवून जीव हळहळतो. हजार वर्षं झाली, अक्षरं वाचता येतात. असे पत्रे नटबोल्टाने न जोडता कडीत ओवायची रीत होती. कारागीर शहाणे.

तेव्हा मंडळी, मिरगाआधी घराचे नळे परतता ना, त्याच आठवड्यात स्कुटर गॅरेजात न्या. पुढच्या चाकाचा एक्सल बाहेर काढून पुसायला सांगा, ग्रीस लावून परत घालायला सांगा. सायलेन्सरच्या दोन नटांना तांबूस पेस्ट. पंधरा मिनिटांचं काम आहे. जुलैत पंक्चर झालं आणि एक्सल निघाला नाही, तर गॅसची ज्योत, हातोडा आणि अख्खा दिवस लागतो, आणि चहाचे पैसे तुमचेच जातात.