काका आणि नव्याण्णव फोटो

मुंज असो, साखरपुडा असो की साठीशांत, शेवटची पंगत उठली की डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठल्याही घरातले एक काका यजमानांच्या कानाशी लागत. "फोटो मला द्या. डीव्हीडी करतो." यजमान हो म्हणत. नाही म्हटलं असतं तरी डीव्हीडी झालीच असती.

२००५ ते २०१० हा या काकांचा ऐन बहराचा काळ. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची मोठी लाट आली, तिच्यातून बरेचसे काका बाहेर पडले आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसले. टेबलावर मोझर बेअरच्या पन्नास डिस्कांचा डबा, शेजारी मार्कर. विंडोज एक्सपीबरोबर फुकट येणारा मूव्ही मेकर त्यांना पोरखेळ वाटे, कारण त्यात मेन्यू करता येत नसे. आणि मेन्यूशिवाय डीव्हीडी म्हणजे अक्षतांशिवाय लग्न. नुसते फोटो डिस्कवर टाकले तरी बरेच प्लेअर ते दाखवत, पण असं कोणी सुचवलं की काका म्हणत, "ते फोटो झाले. कार्यक्रम नाही झाला."

कार्यक्रमाला नियम आडवे येत. डीव्हीडीच्या एका टायटलमध्ये, म्हणजे भागात, जास्तीत जास्त ९९ चॅप्टर बसतात. काकांना दर फोटोला स्वतंत्र चॅप्टर हवा, म्हणजे रिमोटचं बटण दाबून नको तो फोटो ओलांडता येतो. (रिमोट कायम काकांकडेच असल्यामुळे ही सोय कोणाला मिळाली नाही.) लग्नाचे फोटो सहाशे. मग पहिल्या नव्याण्णवात कोण, यावर रात्री खल चाले. मुलीकडचे सख्खे, चुलत, मावस असे बसवता बसवता जागा संपे आणि वराकडची मंडळी 'भाग २' मध्ये जात. फोटो गाळायची सोय नव्हतीच. एकाच पोजचे चार फोटो असले, तर चारही राहत. प्रत्येकात वेगळ्या माणसाचे डोळे मिटलेले, तेव्हा एकच ठेवला तर त्या माणसावर अन्याय.

एका फोटोला सहा सेकंद, म्हणजे सहाशेला बरोबर एक तास. मागे उस्ताद बिस्मिल्ला खाँची एकच सनई पुन्हा पुन्हा. एक फोटो जाऊन दुसरा येताना कधी पान उलटे, कधी चांदणी फुटे, कधी बदामाच्या आकाराचं भोक पडून त्यातून पुढचा फोटो उमले. ही निवड काकांनी कॉम्प्युटरवरच सोपवलेली असल्यामुळे आजोबांच्या वर्षश्राद्धाचे गुरुजीही एकदा गुलाबी बदामातून प्रकटले.

पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपलेले पन्नास लाख ठिपके डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाखांच्या आत कोंबावे लागत. वर ट्यूबवाले टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या थोड्या गिळत. ग्रुप फोटोत कडेला उभं राहणारं माणूस बहुधा आधीच रुसलेलं असतं. डीव्हीडीत आत्याबाईंचा अर्धा चेहरा गेला, तेव्हा काकांनी त्यांना ओव्हरस्कॅन समजावून सांगितला. आत्याबाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग तुझी बायको कशी पूर्ण दिसते?"

ट्यूबवाला टीव्ही आधी एकाआड एक ओळी काढे, मग राहिलेल्या. सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रं. त्यामुळे बारीक आडव्या रेषा थरथरत आणि पैठणीचा काठ पडद्यावर नुसता लुकलुके. काकू मात्र शेजारणीला सांगत, "खरी जर आहे, म्हणून चमकतेय." खरं कारण काकांना ठाऊक होतं. संसारात त्यांनी तांत्रिक माहिती गिळली ती एवढ्याच प्रसंगी.

एक तासाच्या कार्यक्रमाचं डीव्हीडीला लागणारं एमपेग-२ रूप व्हायला त्या काळच्या कॉम्प्युटरला तासन्‌तास लागत. त्यात लोडशेडिंग. डिस्कवर लिहिलं जात असताना ९६ टक्क्यांना वीज गेली की डिस्क वाया, कारण ती एकदाच लिहिता येते. अशा डिस्कांवर काकांकडे चहाचे कप ठेवत. पाहुण्याने कप उचलला की खाली मार्करने लिहिलेलं दिसे: 'चि. सौ. कां.'

लग्न झालेली पुतणी न्यू जर्सीला गेली आणि तिथल्या महागड्या प्लेअरने काकांची डिस्क चक्क बाहेर ढकलली. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, तिकडची एनटीएससी. तिच्या मैत्रिणीकडचा स्वस्त चिनी प्लेअर दोन्ही पद्धती मुकाट्याने चालवी, पण काकांना उसनं यश नको होतं. त्यांनी अमेरिकेसाठी वेगळी डिस्क बनवली. घाईत तीत फक्त 'भाग १' गेला.

आठवड्याभरात व्याह्यांचा फोन. "अहो, पोरगा तिकडून विचारतोय, आमच्याकडचं एकही माणूस कसं नाही?"

काका क्षणभरही अडखळले नाहीत. "त्याचं काय आहे, आपल्या टीव्हीला ५७६ ओळी असतात, अमेरिकेत ४८०. शहाण्णव ओळी कमी. तेवढी माणसं बसत नाहीत हो तिकडे."