अस्सल पत्रा कसा ओळखावा : आल्मेरेतील होतकरू व्हॅनमालकांसाठी

जुनी फोक्सवॅगन व्हॅन घ्यायला निघालेल्या आल्मेरेकराने आधी भूगोल पक्का करावा. पुढची काच दोन तुकड्यांची असलेली ही पहिल्या पिढीची व्हॅन जर्मनीत 1950 ते 1967 या काळात तयार झाली. आल्मेरे ज्यावर उभं आहे ती दक्षिण फ्लेव्होलंडची जमीन पाण्याबाहेर आली 1968मध्ये, आणि आल्मेरेत पहिली कुटुंबं राहायला आली 1976मध्ये. म्हणजे हॅनोव्हरच्या कारखान्यातून या जातीची शेवटची गाडी निघाली तेव्हा तुमचं घर, गल्ली आणि कोपऱ्यावरचं सुपरमार्केट पाण्याखाली होतं. "एकच मालक, पहिल्यापासून आल्मेरेतच" असं कोणी सांगू लागला, तर गाडी चाकांवर होती की वल्ह्यांवर, एवढंच नम्रपणे विचारावं.

मग गाडीभोवती फेरी मारावी. हातात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि चेहऱ्यावर गांभीर्य, एवढं साहित्य पुरतं. चुंबक पत्र्याला चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरतं. घसरलं की विक्रेत्याकडे न बघता "हं" म्हणावं आणि पुढे सरकावं. तीन-चार वेळा "हं" झालं की कॉफीची चौकशी होते. कॉफीबरोबर एक बिस्कीट येणं ही डच रीत आहे; दुसरंही पुढे झालं, तर चाकांवरच्या कमानीत पुट्टीखेरीज काहीच नाही असं समजावं.

आता खिडक्या मोजाव्यात. मालवाहू डब्याला मागच्या भागात बाजूच्या खिडक्या नसतात, हीच त्याची ओळख. पण याच कुळात सांबा नावाची शौकीन बस होती : आधी 23 खिडक्यांची, 1963नंतर 21 खिडक्यांची. बाजारात तिचा भाव डब्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे गरीब घरच्या पोराला लग्नापुरतं जहागीरदार करावं तसे अनेक साधे डबे खिडक्या कापून सांबा करण्यात आले. अशा गाडीत बाहेरून काही कळत नाही. आत शिरून काचेच्या चौकटीवरून बोट फिरवावं. कारखान्याची कडा सलग आणि सारखी लागते. नंतरच्या वेल्डिंगची बोटाला सांगते, आणि कधीकधी बोट कापूनही सांगते.

काळ ओळखण्याच्या खुणा पाठच कराव्यात. इंजिनवरचं झाकण अवाढव्य असेल तर गाडी मार्च 1955च्या आधीची. युरोपातल्या गाड्यांना वळताना बाजूने बाहेर येणारा इशाऱ्याचा छोटा हात 1960पर्यंत होता. मागचे दिवे 1961मध्ये मोठे झाले, 1963मध्ये मागचं दार रुंद झालं, आणि सहा व्होल्टची बॅटरी जाऊन बाराची आली ती अगदी शेवटच्या, 1967च्या मॉडेलला. दिवे काय, कोणीही बदलतो. पण रुंद दार अरुंद चौकटीत बसत नाही. कागद 1959 म्हणत असतील आणि दार रुंद असेल, तर एका किमतीत तुम्ही दोन गाड्या घेताय आणि दोन्ही अर्ध्या.

ब्राझीलचे भाग हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे हीच दुभंगलेल्या काचेची गाडी 1975पर्यंत बनत होती, त्यामुळे तिथून आलेल्या दारावर शिक्का फोक्सवॅगनचाच असतो. असा भाग अस्सल मानावा, फक्त दुसऱ्याचा.

कागदांच्या बाबतीत मात्र कसलीही दयामाया नको. 1958च्या सुमारापासूनच्या गाड्यांत पुढच्या सीटमागच्या पत्र्यावर सांकेतिक आकड्यांची छोटी पट्टी असते. मॉडेल, रंग, तयार झाल्याचा दिवस, सगळं तिच्यावर. चेसी नंबर इंजिनच्या खोलीत कोरलेला असतो. त्याच्या आजूबाजूचा पत्रा नव्याने जोडलेला दिसला तर कॉफी अर्धी ठेवून उठावं. वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून गाडीचा जन्मदाखलाही मिळतो. नंबरप्लेटवरचा नंबर टाकून आरडीडब्ल्यू या डच वाहननोंदणी खात्याच्या नोंदी फुकट पाहता येतात. गडद निळी नंबरप्लेट बघून मात्र हरखू नये, 1978च्या आधीच्या कुठल्याही गाडीला ती लावता येते. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला रस्ताकर नाही आणि पन्नाशी ओलांडलेलीला नियमित तपासणी नाही. थोडक्यात, तुमच्या गाडीचा गंज हा सरकारने तुमचा खाजगी प्रश्न मानला आहे.

म्हणूनच ब्रेकबाबत शुद्धतेचा हट्ट धरू नये. आधीच्या मालकाने पुढे डिस्क ब्रेक बसवले असतील तर यादीत "बदल" असं लिहावं आणि गुपचूप ठेवून घ्यावेत. मागच्या चाकांजवळचे मूळ गिअरचे डबे काढले आहेत का, हेही पाहावं. ते असले की गाडी ओढते जोरात, पळते मात्र सावकाश. पहिल्या मॉडेलचं इंजिन 25 अश्वशक्तीचं होतं. त्याच्या जिवावर ए-6 महामार्गावर उतरायचं तर मागे येणाऱ्या ट्रकवाल्यांचा आशीर्वाद लागतो.

गाड्यांच्या मेळाव्यात एखादा शुद्धतावादी भेटेलच. तो स्क्रूच्या खाचेवरून वाद घालू लागला की त्याला आमर्सफोर्टच्या बेन पोन यांची आठवण करून द्यावी. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात कामगारांनी सामान वाहायला बीटलच्या सुट्या भागांतून एक उघडा गाडा जुळवला होता. तो पाहून या डच वितरकाने 23 एप्रिल 1947 रोजी वहीत एक डबा रेखाटला, इंजिन मागे, चालक पुढे, मध्ये माल. वहीचं ते पान आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडे आहे. सगळ्या अस्सल व्हॅनांची ही आजी म्हणजे कारखान्यातला जुगाड होता, हे त्याला सावकाश सांगावं.

एवढ्यानेही गप्प बसला नाही, तर आकुर्डी बाहेर काढावी. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने 1949मध्ये आणलेल्या पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. त्याच कारखान्याशी करार करून 1958मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली, पुढे आकुर्डीला गेली, आणि महाराष्ट्रातलं अर्धं वऱ्हाड मॅटाडोरने वाहिलं. तेव्हा या घराण्याशी आपलं जुनं नातं आहे. आपल्या मॅटाडोरला ते इंजिन कधीच नव्हतं, ही गोष्ट त्याने विचारल्याशिवाय सांगू नये.

दसऱ्याला गाडीची पूजा अवश्य करावी. झेंडूचा हार आरशांना बांधावा, पुढच्या भल्यामोठ्या व्हीडब्ल्यूवर नाही. तिथली क्रोमची कड जुनी असेल तर ओल्या फुलांनी डाग पडतात. लिंबू चाकाखाली ठेवायला हरकत नाही, तेवढं अंतर ती चालते. कुंकवाचं स्वस्तिक मात्र काढू नये. गाडी जर्मन, आराखडा चाळिशीच्या दशकातला, शेजारी डच. आपला अर्थ समजावून सांगेपर्यंत गल्लीतले सगळे घरात शिरलेले असतात. त्यापेक्षा श्री लिहावं, आणि तेही पुट्टी नसलेल्या जागी.