गाडी द्या, चालवतो आम्हीच

(साताऱ्यात पोवई नाक्याजवळचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, गणपतीची तसबीर आणि उधारीबद्दलची पाटी. मालक मूळचे सांगलीचे. गिऱ्हाईक पक्कं सातारकर, नात्यानं मुलाचा मामा. सांगलीला मुलगी बघायला जायचंय, त्यामुळे आवाजात आधीच वरपक्षाचा ताठा.)

मामा : ती बारा सीटची रविवारी रिकामी आहे का?

मालक : आहे की. ड्रायव्हर किती वाजता पाठवू?

मामा : ड्रायव्हर नको. नुसती गाडी द्या. चालवतो आम्हीच.

मालक : (चहाचा कप खाली ठेवत) आम्ही म्हणजे कोण?

मामा : मी. ट्रॅक्टरपासून सगळं चालवलंय. यवतेश्वरचा घाट डोळे झाकून उतरतो.

मालक : हे विमा कंपनीला सांगू नका. लायसन बघू.

(मामा पाकीट उघडतात. आधी गोंदवल्याच्या अंगाऱ्याची पुडी निघते, मग बहिणीच्या रेशनकार्डाची झेरॉक्स, मग घडी घालून घालून चौकोनी झालेली एक पावती. सगळ्यात शेवटी लायसन.)

मालक : मामा, हे साठीपर्यंतच होतं. संपून दीड वर्ष झालं.

मामा : लायसन संपलं असेल, हात कुठं संपलेत? आणि साठी कसली? माझा जन्म गौरी बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

मालक : इथं 1 जून लिहिलाय.

मामा : तो मास्तरांनी लिहिलाय. आमचा अख्खा वर्ग 1 जूनचा. शाळेत पाहिजे म्हणून मला वरनं दोन वर्षंही चिकटवली.

मालक : आरटीओला मास्तरांचं पटतं, आईचं पटत नाही. वर्ष उलटून गेलं की नुसतं रिन्यू होत नाही, टेस्ट परत द्यावी लागते. शिवाय तुमच्या वयाला डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म 1-अ.

मामा : बरं, मग भाचा चालवेल. पुण्याला आयटीत आहे.

मालक : म्हणजे नवरदेव?

मामा : हो.

मालक : अहो, मुलीकडचे त्याचा चहा गाडीपाशी पाठवतील.

मामा : थट्टा नको. हे बघा, फोनवर आहे त्याचं लायसन. डिजिलॉकर का काय ते.

मालक : फोनवरचं चालतं. पण यात नुसती मोटारसायकल आहे, गियरवाली.

मामा : गियर आहे ना पण!

मालक : पुढचा दाखवा.

मामा : साडूचा मुलगा. लंडनवरून आलाय. तिकडचं लायसन, त्यावर राणीचं... आता राजाचं राज्य.

मालक : तिकडचं एकटं चालत नाही, जोडीला इंटरनॅशनल परमिट लागतं. आणलंय?

मामा : येताना चॉकलेटं आणली.

मालक : आणि 1997 नंतर टेस्ट दिली असेल, तर तिकडंसुद्धा मोटारीच्या लायसनवर ड्रायव्हर सोडून आठच माणसं. गणपतीला येतात ना तिकडची गिऱ्हाईकं, सगळं पाठ झालंय.

मामा : तुम्ही गाडी देताय का मुलाची माहिती काढताय? मुलीच्या बापानं दोनच प्रश्न विचारले. पगार किती आणि फ्लॅट कुणाच्या नावावर.

मालक : त्यांना मुलगी एकदाच द्यायची आहे. मला गाडी दर रविवारी द्यावी लागते.

मामा : (शेवटचा पत्ता टाकावा तसं एक झेरॉक्स टेबलावर आपटत) हे घ्या. आमचे दाजी. वय बेचाळीस, लायसन चालू, चारचाकीचं. दारू नाही, चष्मा नाही. आता बोला! का त्यांना बॅज-बिल्ला लागतो?

मालक : (निरखून) नाही लागत. साडेसात टनाच्या आतल्या गाडीला साधं हलक्या गाडीचं लायसन चालतं, 2024 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. दाजी पास.

मामा : द्या चावी.

मालक : चावी देता येत नाही.

मामा : का?

मालक : विनाड्रायव्हर गाडी भाड्यानं द्यायची 1989 ची योजना आहे. काळी पाटी, पिवळे नंबर. पण ती मोटार कॅबला, म्हणजे ड्रायव्हर सोडून सहा माणसं. बारा माणसांची ती मॅक्सी कॅब झाली, ती योजनेत नाहीच. शिवाय त्या परवान्याला किमान 50 गाड्या लागतात. माझ्या तीन. त्यातली एक गॅरेजला.

मामा : मग हे आधी सांगायचं! मी पाऊण तास लायसनं काढतोय!

मालक : किती निघतायत ते बघत होतो.

मामा : शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी नेऊ का?

मालक : प्रेमानं दिली तर न्या. भाडं दिलंत आणि पेठ नाक्यावर काही झालं, तर विमा कंपनी हात वर करणार.

मामा : काय दिवस आले. या जिल्ह्यानं वडापवर जन्म काढला. जीपमध्ये सतरा माणसं, ड्रायव्हर अर्धा बाहेर. कुणी लायसन विचारलं नाही त्याला.

मालक : विचारून उपयोग काय? खिशात घालायला त्याला हात हलवता येत होता का? खरं सांगा, ड्रायव्हरचा भत्ता वाचवताय ना?

मामा : (आवाज खाली आणत) पैशाचं नाही हो. आम्ही तेरा आहोत. आमच्यातल्याच कुणी चालवली, तर सगळे बसतात. तुमचा माणूस आला की आमचा एक उतरतो. आणि कुणाला उतरवू? मध्यस्थाला? थोरल्या आत्याला? ती लग्नापर्यंत बोलायची नाही, आणि लग्नात फक्त तीच बोलेल.

मालक : मग तेराव्याला एसटीनं पाठवा.

मामा : तेरावा म्हणू नका. शुभकार्याला निघालोय.

मालक : बरं, उरलेल्याला. आत्यांना पंच्याहत्तर पुरी असली तर तिकीटच नाही.

मामा : सत्त्याहत्तर आहे ती!

मालक : आधारवर?

मामा : (विचार करून) चौऱ्याहत्तर. तिच्या वेळी मास्तरांनी उलटं केलं.

मालक : मग अर्धं तिकीट.

मामा : बायकांना तसंही अर्धंच आहे की. वयाचं अर्धं आणि बाईमाणसाचं अर्धं...

मालक : दोन अर्धी मिळून एक फुकट होत नाही.

मामा : जाऊ दे. मीच जातो एसटीनं. माझं तरी अर्धं पडेल ना?

मालक : पासष्टला पडतं. तुम्हाला फुल्ल.

मामा : म्हणजे गाडीला मी म्हातारा आणि तिकिटाला तरणा?

मालक : (वही उघडत) रनिंग कमीत कमी तीनशे किलोमीटरचं धरतो. जाऊन-येऊन तुमचं अडीचशे. उरलेल्यात औदुंबर करून या. ड्रायव्हर सहाला पाठवू?

मामा : साडेपाचला पाठवा. आत्या पुढच्या सीटवर बसणार, आणि ती बसली की ड्रायव्हरचं लायसन बघितल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही.